सात लेयर पाठ करायचे, पण सापडतात कुठं?

धुळ्याला पोरांना नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल दाखवायला मी अधूनमधून जातो. तिथल्या एका पोराने परवा विचारलं की सर, ओएसआयचे सात लेयर आम्ही पाठ करून करून दमलो, पण तुम्ही आख्खा दिवस राउटर उघडून बसलात तरी त्यात ओएसआय कुठं दिसलं नाही, सगळं टीसीपी/आयपीच, मग हे शिकवतात कशाला, आणि सगळ्या देशांनी मिळून एकच नेटवर्क घ्यायचं हे ठरवलं कुणी, मतदान झालं होतं का? ओएसआय आणि टीसीपी/आयपी म्हणजे कॉम्प्युटरनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे दोन वेगळे नियमसंच, आणि लेयर म्हणजे त्या कामाचे एकावर एक थर. प्रश्न भारी होता भो. तेवढ्यात लाइट गेली आणि उत्तर अर्धं राहिलं, म्हणून आता निवांत लिहून राहिलो.

मतदान झालं होतं, हीच तर गंमत आहे. देशोदेशीच्या प्रतिनिधींनी वर्षानुवर्षं समित्यांमध्ये बसून, ड्राफ्टवर हरकती घेऊन, रीतसर मतं देऊन जे पास केलं ते ओएसआय. टीसीपी/आयपीला असं कुणी निवडून दिलेलं नाही, ते मागच्या दाराने आलं आणि सगळ्यांच्या आधी पंगतीला बसलं.

मी १९९४ ला जळगावात कामाला लागलो. पहिलं काम एका पतपेढीत, नॉव्हेल नेटवेअरचा एक सर्व्हर आणि सहा डॉसचे पीसी, काळ्या कोॲक्स केबलने माळेसारखे ओवलेले, प्रत्येक पीसीमागे टी कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर. एक दिवस झाडणाऱ्या मावशींनी टेबलाखालचं ते 'बूच' निघालेलं पाहून कोपऱ्यात नीट ठेवून दिलं आणि आख्खी पतपेढी बंद, मी दोन तास सर्व्हर खोलून बसलो होतो. सांगायचं काय तर त्या केबलवरून जे धावायचं ते आयपीएक्स, नॉव्हेलची स्वतःची भाषा. आयबीएमवाल्यांची एसएनए, डिजिटलवाल्यांची डेकनेट, ॲपलची ॲपलटॉक. ज्याचं मशीन त्याची भाषा, एकदा घेतली की जन्माची गाठ.

वायरवर पण हेच चाललेलं. एकीकडे इथरनेट, दुसरीकडे आयबीएमचं टोकन रिंग. इंजिनिअरांची संस्था आयईईई, तिने भांडण मिटवायचं सोडून दोघांना पण नंबर देऊन टाकले, ८०२.३ आणि ८०२.५, मधला ८०२.४ कारखान्यांसाठीच्या 'टोकन बस' या तिसऱ्या प्रकाराला. टोकन रिंग कागदावर सरस होतं, प्रत्येकाचा नंबर लागायचा, टक्कर व्हायचा प्रश्नच नाही. पण कार्ड महाग. आपल्याकडच्या व्यापाऱ्याला कार्डाची किंमत सांगितली की पुढची चर्चा संपते, बाकी जगात पण तसंच झालं.

आता खरं भांडण. ते समजायला रावेर-सावद्याची केळी घे. पूर्वी माल वॅगनने दिल्लीला जायचा. रेल्वेकडे मागणी नोंदवायची, वॅगन मिळायची, मार्ग ठरलेला, डबे ज्या क्रमाने जोडले त्याच क्रमाने पोचणार, वाटेतली जबाबदारी रेल्वेची आणि अर्थातच भाडं पण रेल्वे म्हणेल ते. मग ट्रक आले. व्यापाऱ्याने दहा ट्रक सोडले, कुणी बऱ्हाणपूर-इंदूरवरून गेला, कुणी शिरपूरवरून आग्रा रोडने, चौथा ट्रक दुसऱ्याच्या आधी पोचला, एखादा घाटात बंद पडला. दिल्लीला मोजणी व्यापारी स्वतः करणार आणि कमी भरलं तर फोन करून परत मागवणार. रस्त्याला काही घेणंदेणं नाही, रस्ता आपला मुका.

वॅगन म्हणजे व्हर्च्युअल सर्किट, ट्रक म्हणजे डेटाग्राम. १९७० च्या दशकात सगळी मारामारी यावरच होती, आणि ती टेक्निकल कमी, सत्तेची जास्त. युरोपात काय आणि आपल्याकडे काय, टेलिफोन म्हणजे सरकारी खातं. खात्याला वाटायचं की नेटवर्क हुशार पाहिजे, जबाबदारी आमची, मीटर पण आमचा. त्यांनी टेलिफोन खात्यांच्या जागतिक संस्थेत, जिनिव्हाच्या सीसीआयटीटीत, म्हणजे आजच्या आयटीयूत, १९७६ मध्ये एक्स.२५ हे वॅगन पद्धतीचं स्टँडर्ड पास करून घेतलं. डेटाचा एकेक तुकडा म्हणजे पाकीट, प्रत्येक टप्प्यावर ते तपासायचं, चुकलं तर तिथूनच परत मागवायचं. काही लोक आता त्याला हसतात, मी नाही हसत. तेव्हाच्या तांब्याच्या वायरी अशा होत्या की पाऊस पडला की निम्मं पाकीट कचरा, तिथं टप्प्याटप्प्याला तपासणं शहाणपणाचंच होतं. फायबर आल्यावर ते ओझं झालं. २००० च्या आसपास एका बँकेच्या शाखेतली एक्स.२५ ची जुनी लिंक मी स्वतः काढली, चालायची अगदी बैलासारखी, सावकाश पण कधी न चुकणारी.

कॉम्प्युटरवाल्यांना मात्र मुका रस्ता पाहिजे होता, अक्कल दोन्ही टोकांच्या मशीनमध्ये. आणि हे सगळ्यात आधी नीट करून कुणी दाखवलं तर फ्रान्समध्ये लुई पूझँ नावाच्या माणसाने, नेटवर्कचं नाव सिक्लाड. अमेरिकेच्या व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे १९७४ मध्ये टीसीपीचा जो पेपर छापला त्यामागे पूझँची कल्पना आहे, हे ते दोघं पण मान्य करतात. पण पिकतं तिथं विकत नाही. फ्रान्सच्या टेलिफोन खात्याने एक्स.२५ वरचं ट्रान्सपॅक १९७८ ला सुरू केलं आणि सिक्लाडचे पैसे बंद झाले. मग त्याच ट्रान्सपॅकवर मिनिटेल बसलं, १९८२ पासून घरोघरी, जाड डिरेक्टरी छापण्यापेक्षा लोकांना फुकट टर्मिनल द्या अशी आयडिया. जळगावात आपण ट्रंक कॉल बुक करून एसटीडीवाल्याचं तोंड बघत बसायचो तेव्हा फ्रान्समधली बाई घरबसल्या रेल्वेचं तिकीट काढायची. ३० जून २०१२ पर्यंत चाललं ते. म्हणून मी मिनिटेलला फेल म्हणत नाही. उलट ते इतकं चांगलं चाललं की फ्रेंच माणसाला इंटरनेटची घाईच वाटली नाही.

या सगळ्या गोंधळात १९७७ ला जगाची स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयएसओने ओएसआयचं काम काढलं. कमिटीचा प्रमुख चार्ल्स बाकमन, डेटाबेसमधला मोठा माणूस, ट्युरिंग अवॉर्डवाला. हेतू शंभर टक्के चांगला होता, कुणी पण आयबीएमचा बांधलेला गडी राहू नये, कोणतंही मशीन कोणत्याही मशीनशी बोलावं. सात लेयरचं मॉडेल १९८४ ला आयएसओ ७४९८ म्हणून छापून आलं, ते तू पाठ करतोस ते. मॉडेल म्हणजे नकाशा रे, घर नाही. घर बांधायला प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे नेमके नियम, लागतात आणि तिथं कमिटीचं कमिटीपण नडलं. टेलिफोनवाल्यांना वॅगन पाहिजे आणि कॉम्प्युटरवाल्यांना ट्रक, तर दोन्ही ठेवा. ट्रान्सपोर्ट लेयरला, म्हणजे माल टोकापासून टोकापर्यंत पोचवायच्या थराला, एक प्रोटोकॉल पुरला असता तिथं टीपी-० पासून टीपी-४ पर्यंत पाच प्रकार. मग व्हायचं काय, एका देशाने ओएसआय घेतलं, शेजारच्याने पण घेतलं, दोघांकडे सर्टिफिकेट, आणि दोघांची मशीनं एकमेकांशी बोलत नाहीत कारण एकाने टीपी-० घेतलेलं आणि दुसऱ्याने टीपी-४. आणि स्टँडर्डचं पुस्तक वाचायचं तरी पैसे मोजा. टीसीपी/आयपीचे आरएफसी, म्हणजे नियमांचे कागद, फुकट, पोस्टाने मागवा नाहीतर ईमेलने.

आता तू म्हणशील अमेरिकेने आपलं टीसीपी/आयपी जगावर लादलं. नाही ना भो, अमेरिकेच्या सरकारने स्वतः ओएसआय घ्यायचा हुकूम काढला होता! गॉसिप म्हणायचे त्याला, १९८८ ला नियम छापला, ऑगस्ट १९९० पासून सरकारी खरेदीत सक्तीचा. ब्रिटनचं पण गॉसिप होतं, युरोपात पण सरकारी खरेदीला ओएसआयच मागायचे. मग झालं काय? टेंडरमध्ये ओएसआय लिहिलेलं असायचं म्हणून कंपन्या सोबत ओएसआयचं सॉफ्टवेअर द्यायच्या, आणि ऑफिसातली माणसं टीसीपी/आयपी चालू करून कामाला लागायची. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. १९९५ ला अमेरिकेने सक्ती गुपचूप काढून घेतली.

माझ्या मते निकाल १९८३ लाच लागला होता. त्या वर्षी १ जानेवारीला इंटरनेटचं मूळ असलेल्या अमेरिकेच्या अर्पानेटने जुना एनसीपी प्रोटोकॉल बंद करून टीसीपी/आयपी चालू केलं, आणि त्याच वर्षी बर्कली युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ४.२ बीएसडी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बाहेर काढली, त्यात टीसीपी/आयपीचा कोड आतच. संरक्षण खात्याच्या पैशाने लिहिलेला कोड, युनिव्हर्सिट्यांना जवळजवळ फुकट. टेप लावा, कंपाइल करा, चालू. पोरं त्यावर शिकली, तीच पोरं पुढे कंपन्यांत गेली. ओएसआय अजून मिटिंगमध्ये होतं.

ब्रिटनची गोष्ट मला सगळ्यात आवडते. त्यांना वाटलं ओएसआय येईपर्यंत हात बांधून कशाला बसायचं, म्हणून त्यांनी तात्पुरते स्वतःचे प्रोटोकॉल लिहिले, प्रत्येक पुस्तकाच्या कव्हरचा रंग वेगळा म्हणून नाव कलर्ड बुक्स. १ एप्रिल १९८४ ला त्यांचं युनिव्हर्सिट्यांचं नेटवर्क जेनेट त्यावर सुरू झालं. आणि पत्ता लिहायची पद्धत उलटी! आपण आधी कॉलेज आणि शेवटी देश लिहितो, ते आधी यूके, मग एसी (शिक्षणसंस्थांची खूण), मग युनिव्हर्सिटी, मग डिपार्टमेंट. तसं बघितलं तर त्यांचं जास्त तर्काला धरून होतं, पोस्टमन पण आधी जिल्हाच बघतो. पण बाहेरच्या जगाशी मेल जोडली आणि भानगड झाली, कारण कॉम्प्युटर सायन्स डिपार्टमेंटचं नाव सगळीकडे सीएस, ब्रिटिश पत्त्यात ते सगळ्यात शेवटी यायचं आणि सीएस हा तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाचा देशाचा कोड. मधल्या गेटवेला कळेना की हे डिपार्टमेंट का देश. आपल्याकडे पाचोऱ्याला ब्रॉडगेजमधून उतरून पाचोरा-जामनेरच्या, म्हणजे पीजेच्या, नॅरोगेजमध्ये बसायचे ना, गेटवे म्हणजे तेच, फक्त इथं कधीकधी माणूस जामनेरऐवजी प्राग गाठायचा. १९९१ ला जेनेटने आयपी घेतलं आणि काही महिन्यांत आयपीची वाहतूक एक्स.२५ च्या पुढे गेली.

जर्मनीत युनिव्हर्सिट्यांचं नेटवर्क डीएफएन पण एक्स.२५ आणि ओएसआयच्याच बाजूने होतं, युरोपच्या वरच्या कमिट्या तर होत्याच. पण खाली काम करणारे लोक कंटाळलेले. ॲमस्टरडॅमचं संशोधन केंद्र सीडब्ल्यूआय नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेच्या एनएसएफनेट या टीसीपी/आयपी नेटवर्कला जोडलं गेलं, जिनिव्हाजवळच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेने, सर्नने, १९८९ च्या सुरुवातीला बाहेरची टीसीपी/आयपी लाइन उघडली, आणि त्यानंतर त्याच सर्नमध्ये वेब जन्माला आलं. वेब टीसीपीवर चालत होतं म्हटल्यावर मग वाद घालायला उरलं काय.

आपल्या देशाचं बघ आता. आपण दोन्ही दगडांवर पाय ठेवला, आणि गंमत म्हणजे पडलो नाही. १९८६ ला इलेक्ट्रॉनिक्स खात्याने यूएनडीपीच्या मदतीने अर्नेट हे शिक्षण-संशोधनाचं नेटवर्क काढलं, मुंबईचं एनसीएसटी, बंगलोरचं आयआयएससी, पाच आयआयटी आणि खातं स्वतः, असे आठ जण. सुरुवात डायलअपवर यूयूसीपीने, म्हणजे फोन लावून फाइली पुढे ढकलायच्या पद्धतीने, मेल टाकून. नंतर लीज लाइन आल्या तेव्हा त्यांनी टीसीपी/आयपी पण चालवलं आणि ओएसआयचं आयपी पण, एकाच लाइनवर दोन्ही. सरकारी धोरण ओएसआयकडे झुकलेलं, हात मात्र बीएसडीवर बसलेला. १९९५ पर्यंत जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर गेली, कुणी भांडलं नाही, दुसरीकडे कुणी फिरकलंच नाही. त्याच काळात सरकारी कंपनी सीएमसीचं इंडोनेट आयबीएमच्या एसएनएवर होतं, टेलिफोन खात्याचं आय-नेट एक्स.२५ वर, आणि सरकारची कॉम्प्युटर संस्था एनआयसीने तर निकनेट सॅटेलाइटवरून थेट जिल्ह्याजिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत नेलेलं. कलेक्टर कचेरीच्या गच्चीवरची ती छोटी डिश आम्ही पोरं टीव्हीची समजायचो. एका देशात चार तऱ्हा! मग १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास. खान्देशातल्या माणसाने तेव्हा मुंबईला एसटीडी लावून मॉडेम जोडायचं, इंटरनेटच्या बिलापेक्षा फोनचं बिल मोठं.

मतदानाचा किस्सा अजून एक आहे. १९९२ ला दिसायला लागलं की आयपीचे पत्ते संपणार, ३२ बिट म्हणजे जेमतेम ४३० कोटी. तेव्हा इंटरनेटच्या वरच्या मंडळाने, आयएबीने, सुचवलं की ओएसआयचा सीएलएनपी, म्हणजे त्यांचा ट्रक पद्धतीचा प्रोटोकॉल, तयार आहे, पत्ते २० बाइटपर्यंत, तोच घेऊन टाकू. टेक्निकली वाईट नव्हतं बरं. पण खालची, प्रत्यक्ष प्रोटोकॉल लिहिणारी मंडळी अशी खवळली की विचारू नको, ज्याला हरवलं त्यालाच घरजावई करता का! त्या जुलैच्या बैठकीत इंटरनेटच्या जुन्या जाणत्यांपैकी डेव्हिड क्लार्क यांनी जे म्हटलं ते अजून टी-शर्टवर छापतात, की राजे, राष्ट्राध्यक्ष आणि मतदान आम्ही मानत नाही, आम्ही मानतो ढोबळ एकमत आणि चालता कोड. मग नवीन बनवायला घेतलं ते आयपीव्ही६, पहिला आरएफसी डिसेंबर १९९५. आणि गंमत बघ, ज्यांनी ओएसआयवाल्यांना तयार वेळेत होत नाही म्हणून हिणवलं त्यांचं आयपीव्ही६ तीस वर्षं झाली तरी अजून सगळीकडे पोचलेलं नाही. आपला देश यात मात्र पुढे, कारण जिओ सप्टेंबर २०१६ ला आलं तेव्हा जुने पत्ते शिल्लकच नव्हते, २०११ लाच मुख्य साठा संपलेला, म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून आयपीव्ही६ लावलं. आज जगात वरच्या नंबरात आहोत आपण. शहाणपणापेक्षा उशिरा आल्याचा फायदा म्हण.

देशादेशांच्या भांडणाची खूण तुझ्या घरात पण असेल. बीएसएनएलचं जुनं ब्रॉडबँड मॉडेम सेट करताना व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ टाकायचं असतं ना, ते एटीएमचे नंबर, पैशाचं एटीएम नाही, नेटवर्कचं. टेलिफोनवाल्यांचा शेवटचा मोठा डाव होता तो. एटीएमचं पाकीट बरोब्बर ५३ बाइटचं, ४८ माल आणि ५ हेडर. कॉम्प्युटरच्या माणसाला ४८ हा आकडा बघून पोटात दुखतं, ३२ समजतो, ६४ समजतो, ४८ कुठून आला? तर युरोप म्हणत होतं ३२, कारण पाकीट छोटं तर आवाजाचा उशीर कमी, फ्रान्समध्ये तर देशातल्या देशात फोनवरचा प्रतिध्वनी दाबायचं यंत्रच लागणार नव्हतं. अमेरिका मोठी, तिला ते यंत्र तसंही लागणारच होतं, ती म्हणाली ६४. मग भाजीबाजारात करतात तसं मधोमध तोडलं, ४८. दोघं पण सारखेच नाराज.

आता हे सगळं जुनं झालं असं समजू नको. चीनने २००३ ला वायफायच्या सुरक्षेसाठी स्वतःचं वापी नावाचं स्टँडर्ड काढलं, १ जून २००४ पासून सक्ती करणार होते, त्यातला एनक्रिप्शनचा भाग गुप्त आणि तो फक्त ठरलेल्या चिनी कंपन्यांकडून घ्यायचा. अमेरिकेचा दबाव आला, सक्ती पुढे ढकलली, २००६ ला आयएसओत पण ते पडलं. तरी २००९ ला चीनमध्ये आयफोन अधिकृतपणे आला तेव्हा त्यात वायफायच नव्हतं, यावरून समज. २०१९ ला तिकडूनच आयटीयूत न्यू आयपी म्हणून प्रस्ताव आला, म्हणजे परत नेटवर्क हुशार करा, परत वॅगन. युरोप-अमेरिकेने आणि आयपीवाल्यांनी विरोध केला आणि ते काही पुढे सरकलं नाही.

आणि आपलं ५जीआय, म्हणजे ५जीचं देशी स्टँडर्ड. हे आपल्या भागाला लागू म्हणून सांगतो. जगाच्या ५जी मध्ये ग्रामीण टॉवर एकमेकांपासून पावणेदोन किलोमीटरवर धरून हिशोब केलेला. अक्राणी-अक्कलकुव्याकडे जाऊन बघ, पावणेदोन किलोमीटरवर टॉवर लावायला कोणती कंपनी येणार आहे? आपल्या लोकांनी, आयआयटी मद्रास, आयआयटी हैदराबाद आणि टेलिकॉम स्टँडर्डची देशी संस्था टीएसडीएसआय यांनी म्हटलं की आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या गावात एक टॉवर, पुढचा ६ किलोमीटरवर, याचा विचार करा. आयटीयूने मान्य पण केलं. पण मोबाइल कंपन्या म्हणाल्या वेगळं स्टँडर्ड म्हणजे वेगळं मशीन, वेगळा हँडसेट, महाग पडेल. शेवटी ते मोबाइलची जागतिक स्टँडर्ड लिहिणाऱ्या ३जीपीपीच्या रिलीज १७ मध्ये मिसळून टाकलं. काही जणांना वाईट वाटलं, आपलं ते बाब्या असतंच, पण मला विचारशील तर हेच बरं झालं. एकट्या देशाचं स्टँडर्ड घेऊन बसलो असतो तर आपल्या हँडसेटची गत त्या पीजेच्या डब्यांसारखी, पाचोऱ्याच्या पुढे रूळच नाही.

राहिलं तुझं शिकवतात कशाला. एक तर फोनवर बोलायला शब्द लागतात. रात्री चोपड्याहून पोराचा फोन येतो, लिंक डाउन आहे, मी विचारतो लेयर १ का लेयर ३, एका शब्दात कळतं की उंदराने फायबर कुरतडली का राउटिंग चुकलं. प्रेझेंटेशन आणि सेशन लेयर मात्र मी तीस वर्षांत कधी वापरले नाहीत, ते व्हायवापुरते ठेव. दुसरं, ओएसआय मेलेलं नाही, कपडे बदलून फिरतं. मोठ्या कंपन्यांच्या बॅकबोनमध्ये आयएस-आयएस चालतं, डेकनेटसाठी जन्मलेला आणि आयएसओने पास केलेला प्रोटोकॉल, आज आयपीचे रस्ते ठरवतो. ऑफिसातलं लॉगिन एलडॅपवर, म्हणजे माणसांच्या नोंदींची डिरेक्टरी वाचायच्या प्रोटोकॉलवर, ते ओएसआयच्या एक्स.५०० चं हलकं रूप.

आणि डोळ्याने बघायचं असेल तर आत्ता मोबाइलमध्ये बँकेची साइट उघड, वर पत्त्याशेजारच्या खुणेवर (पूर्वी तिथं कुलूप असायचं) टिचकी मार, सर्टिफिकेट बघ. त्यात सी बरोबर आयएन, ओ बरोबर बँकेचं नाव, सीएन बरोबर साइटचं नाव असं लिहिलेलं दिसेल. देश, संस्था, नाव, ही मांडणी एक्स.५०९ ची, १९८८ ची, सगळ्या जगाची मिळून एकच टेलिफोन डिरेक्टरी करायची होती त्यासाठी काढलेली. डिरेक्टरी कधी झाली नाही, तिचं ओळखपत्र तेवढं प्रत्येकाच्या खिशात आहे.